गिरणीत झोपायचे पैसे

प्रिय तू,

तुझा रागावलेला व्हॉइस मेसेज ऐकला. मग पुन्हा ऐकला, कारण रागावलीस की तुझ्या बोलण्यात अजून लालबाग उतरतं आणि ते ऐकायला मला फार आवडतं. ‘लिहीन लिहीन म्हणतेस आणि सुप्रभातची फुलं पाठवतेस’ हा आरोप मान्य. म्हणून हे बैजवार पत्र. चहा करून घे आणि बस. आणि हो, मुख्य म्हणजे मधेमधे शुद्धलेखन तपासू नकोस.

तर बातमी अशी, की मी पुन्हा एकदा हॉस्टेलमध्ये राहून आले. हसू नकोस. या वयात दुमजली पलंग, सामाईक न्हाणीघर आणि ‘माझा साबण कुणी वापरला?’ हा जुना संशय, सगळं परत वाट्याला आलं. फक्त रेक्टरबाई नव्हत्या, आणि रात्री उशिरा आलं तर घरी पत्र जाणार नव्हतं. तुला सांगते, त्या पत्राची भीती मात्र अजून गेलेली नाही. साडेनऊ वाजले की माझे पाय आपोआप दाराकडे वळत होते.

झालं असं, की भाचीला उडायचं होतं. कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग शिकवतात, पावसाळा सरला की तिथे आकाशभर रंगीत छत्र्या दिसतात, त्याचा कोर्स तिने धरला. तिच्या आईला पोटात गोळा. मग ठरलेला तोडगा निघाला, ‘तू रिकामीच आहेस, जा तिच्याबरोबर.’ निवृत्त बाई म्हणजे सगळ्या खानदानाची राखीव फौज. बरं, पोरगी आकाशात असताना मी जमिनीवरून काय करणार होते, हे कुणीच सांगितलं नाही. पण गेले. डबा, शाल, बाम, सगळं घेऊन गेले.

गेलो लोकलने. ती म्हणाली कॅब करू, मी म्हटलं मुळीच नाही. शिवाजीनगरला बसलो, चिंचवडला गर्दी उतरली, देहूरोडनंतर वारं लागलं. तळेगाव आलं तेव्हा मी भाचीला सांगितलं, बघ, इथे लोकांकडून एकेक पैसा जमवून काचेचा कारखाना काढला होता, १९०८ साली, पैसा फंडाचा, लोकमान्यांचा पाठिंबा होता त्याला. ती म्हणाली, ‘म्हणजे क्राऊडफंडिंग.’ मी गप्प बसले. चूक काय होतं तिचं?

वडगाव, कान्हे, कामशेत. भातकापणी होऊन गेलेली. खाचरं नुसती धसकटांची, खळ्यांवर झोडणी चाललेली, आणि हवेत तो ओल्या-सुक्या पेंढ्याचा वास. तुझ्या मँचेस्टरच्या पावसात बसून तुला तो वास आठवत असेल तर तू अजून आपल्यातली आहेस. नसेल तर ये, दाखवते.

आता ती इमारत. नाणे मावळाच्या रस्त्याला एक जुनी भातगिरणी आहे, तिचंच हॉस्टेल केलंय. नाव सांगत नाही, नाहीतर आत्ताच नेटवर बघून मला त्यातल्या गाद्यांचे दोष कळवशील. दगडी भिंती, वर पत्रा, आणि आतून एवढी उंच की आपण आपोआप हळू बोलायला लागतो. छपराखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लोखंडी शाफ्ट जातो. पूर्वी दारातलं तेलाचं इंजिन तो शाफ्ट फिरवायचं, शाफ्टवरच्या पुल्यांवरून पट्टे खाली यायचे आणि हलर, चाळण्या, पॉलिशचं यंत्र, सगळं त्या एकाच इंजिनावर चालायचं. वरच्या नरसाळ्यात साळ ओतायची, एका तोंडाने तांदूळ, दुसऱ्याने तूस आणि कोंडा. आता पुल्यांना दिवे टांगलेत. इंजिनाला निळा रंग दिलाय आणि पोरं त्याच्यावर बसून फोटो काढतात.

मालकाचा नातू हे सगळं बघतो. दाढी, पुण्यात आयटीतली नोकरी सोडलेली, बोलायला गोड. मला बघून पहिलं वाक्य, ‘आंटी, तुम्हाला लोअर बंक देऊ ना?’ अगं, आंटी! मी त्याच्याकडे असं बघितलं, की दुसऱ्या वाक्यात मी ताई झाले आणि संध्याकाळपर्यंत काकूवर तडजोड झाली. एका पलंगाचे रात्रीचे सातशे रुपये. त्यात चादर, कुलपाचा कप्पा आणि सकाळचे पोहे.

काउंटरशेजारी पोती तोलायचा जुना वजनकाटा ठेवलाय. येणारा प्रत्येक जण आधी पाठीवरची सॅक तोलतो आणि मग हळूच स्वतः वर चढतो. मीही चढले. शंभर किलोच्या पोत्याच्या हिशेबाने मी पाऊण पोतं भरते, हे एकदा जाहीर करून टाकते. भाची अर्ध्या पोत्याच्या थोडी वर. तू किती भरशील याचा मी अंदाज बांधलाय, पण पत्रातून कळवत नाही, मैत्री टिकवायची आहे.

आमच्या खोलीत, म्हणजे जिथे पूर्वी साळीची थप्पी लागायची तिथे, आठ पलंग. प्रत्येकाला पडदा, वाचायचा दिवा आणि मोबाइलचा प्लग. आपल्या वेळी चौघींत एक बल्ब होता आणि तो बंद कधी करायचा यावरून महायुद्ध व्हायचं. इथे पडदा ओढला की झालं, शेजारणीशी बोलायची गरजच नाही. पहिल्या रात्री मला ते फार सोयीचं वाटलं आणि मग जरा चुकल्यासारखं वाटलं. माझ्या वरच्या पलंगावर बंगळुरूची एक मुलगी होती, दिवसभर लॅपटॉप घेऊन काम करायची. रात्री दोनच्या सुमाराला ती झोपेत खणखणीत आवाजात म्हणाली, ‘कॅन एव्हरीवन सी माय स्क्रीन?’ अंधारातून, पडद्याआडून, कुणीतरी तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं, ‘येस.’ मी तोंडात शाल कोंबून हसले. तू परीक्षेचा अभ्यास झोपेत पाठ म्हणायचीस, त्याची आठवण झाली. ‘नाही म्हणायचे’ म्हणू नकोस, साक्षीदार आहेत.

दुसरी फजिती सांगून टाकते. हॉलमध्ये त्या बीन बॅगा असतात बघ. मी ऐटीत बसले. बसले ती गेलेच आत. उठता येईना. पुस्तक वाचत असल्याचं नाटक बराच वेळ केलं. शेवटी दोन पॅराग्लायडरनी मला हात धरून वर काढलं. एक म्हणाला, ‘काकू, टेकऑफ छान झाला.’

पण तुला खरं ज्यांच्याविषयी लिहायचंय त्या मावशी. स्वयंपाकघर त्यांच्याकडे. गिरणीच्या मागच्या वाडीतल्या. तांदळाची भाकरी अशी थापतात, की पातळ म्हणावी तर मोडत नाही. भात इंद्रायणीचा, जरा चिकट, वाफेबरोबर वास सुटणारा. हे वाण वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ च्या सुमाराला आलं, आंबेमोहोराच्या रक्ताचं, पण उतारा जास्त. मावशी म्हणाल्या, ‘आंबेमव्हराचा वास निराळाच, पण वासानं पोट भरतंय व्हय?’ झालं, संशोधनाचा सारांश सांगून मोकळ्या.

तर या मावशी लग्न होऊन आल्या तेव्हा गिरणी जोरात होती. हंगामात बैलगाड्यांची रांग फाट्यापर्यंत. बाया तांदूळ पाखडायच्या, कणी वेगळी काढायच्या, संध्याकाळी डोक्यापासून पापण्यांपर्यंत कोंडा. मी विचारलं, मग आता इथे हे सगळं बघून कसं वाटतं? त्यांनी पदराने हात पुसले, वर शाफ्टाकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘हितं आमी हुब्यानं पाखडायचो. बसलं की मालक वरडायचा. आन् आता लोकं हितं झोपायचे पैसे देत्यात.’ आणि अशा हसल्या, तुला सांगते, की पत्रा वाजला.

गिरणी बंद का पडली, तेही त्यांनीच सांगितलं. विजेवर चालणारी छोटी यंत्रं गावोगाव आली, मोठ्या इंजिनाला तेल परवडेना, आणि पलीकडे द्रुतगती मार्ग झाल्यावर जमिनीचे भाव असे चढले की साळ पिकवणाऱ्यांनी रानंच विकली. पोतीच येईनात तर भरडणार काय? ‘उंदरांनी बी दोन वर्सं वाट बगितली,’ मावशी म्हणाल्या, ‘मग गेले.’

मावशी रोज दुपारी तीनच्या सुमाराला सगळं आवरून हॉलच्या बरोबर मध्ये, शाफ्टाखाली, सगळ्यात मोठ्या बीन बॅगमध्ये बसतात आणि मोबाइलवर मालिका बघतात. त्यांना आत-बाहेर करायला कुणाची मदत लागत नाही. त्या वेळी नातू काही विचारायला आला तर हाताने थांब म्हणतात. तो थांबतो.

हॉस्टेल म्हटलं की आपल्याला हे नवं खूळ वाटतं. झॉस्टेलवाल्यांनी २०१३ मध्ये जोधपूरला सुरुवात केली, मग पोरांना चटक लागली, असंच मलाही वाटायचं. पण भाचीने मला एक गोष्ट सांगितली. (बघ, पोरगी अगदीच वाया गेलेली नाही.) जर्मनीत रिचर्ड शिर्मान नावाचे एक शाळामास्तर होते. १९०९ साली मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले आणि वादळात सापडले. एका शाळेत आसरा मिळाला, शेतकऱ्याने पेंढा दिला, मुलं त्यावर झोपली. मास्तरांना रात्रभर झोप नाही. त्यांच्या डोक्यात आलं, सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग प्रवासी मुलांना का देऊ नयेत? त्यातून १९१२ मध्ये आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात पहिलं कायमचं युथ हॉस्टेल निघालं. म्हणजे मुळातच ही रिकाम्या पडलेल्या जागेत पथारी पसरायची कल्पना. आणि सुरुवात पेंढ्यावरून! मावशींना हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘मंग पेंढ्याचे किती घेत व्हते?’

आणि आल्टेनाचं कौतुक तरी किती करायचं? एक सकाळ भाची वाऱ्याची वाट बघत टेकडीवर बसली होती, मी मळवलीला उतरून भाज्याच्या लेण्यांना गेले. आपण गेलो होतो तेव्हा तुझी चप्पल तुटली होती आणि सगळं वर्णन चपलेभोवतीच फिरलं. या वेळी नीट बघितलं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासचं काम. चैत्याच्या छताला लाकडी वासे अजून आहेत, दोन हजारांवर वर्षं झाली. आणि विहारात छोट्या छोट्या खोल्या, खोलीत दगडातच कोरलेले झोपायचे ओटे. मी आजूबाजूला कुणी नाही बघून एकावर आडवी झाले. पाठीचं म्हणशील तर आपल्या हॉस्टेलच्या गादीपेक्षा फार वाईट नव्हतं.

समोर कार्ल्याला तर पैसे कुणी दिले हेही भिंतीवर कोरलंय. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी आहे, धेनुकाकटचे यवन आहेत, आणि एक सुतारही आहे, सामी नावाचा. शेठ-सावकारांच्या रांगेत सुताराचं नाव. नालासोपाऱ्यापासून घाट चढून येणारे व्यापारी, त्यांच्या वाटेवर ही लेणी, पावसाळ्यात भिक्षूंचा मुक्काम. आमच्या गिरणीच्या भिंतीवर मात्र जुना फोटो एकच आहे, मालकांचा, फेट्यात. पाखडणाऱ्या एकाही बाईचा नाही. मी नातवाला म्हटलं. तो म्हणाला, ‘काकू, तेव्हा त्यांचे फोटो कोण काढणार?’ मी म्हटलं, ‘मग आता काढ. मावशी आहेत की जिवंत.’ तो हसला. काढतो की नाही बघू.

एक दिवस लोणावळ्यालाही गेलो. चिक्कीची दुकानं तशीच, फक्त आता चॉकलेटचीही चिक्की निघते, तिच्याकडे तू बघूही नकोस. मी मगनलालची शेंगदाण्याची घेतली आणि तुझ्या वाटणीची स्टेशनवरच संपवली. शनिवार होता, रस्त्यावर मोटारींच्या मुंग्या, म्हणून वळवण धरणाच्या बाजूला चालत निघालो. तिथे उभी असताना मला तुझे बाबा आठवले. कसे, सांगते.

वळवण, लोणावळा, शिरोता, ही टाटांची धरणं. मावळातला पाऊस अडवायचा आणि खंडाळ्याच्या कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडायचा. तिथलं वीजघर १९१५ मध्ये चालू झालं, आणि ती वीज कशासाठी, तर मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी. कोळसा महाग, धूर दाट, म्हणून गिरण्यांना पाण्याची वीज. म्हणजे इथलं शिवार पाण्याखाली गेलं आणि तिकडे साचे फिरले. तुझे बाबा साचेखात्यात होते. ते लागले तोवर वीज कुठून कुठून येत असेल, पण मुंबईच्या साच्यांना विजेची सवय लावली ती या पाण्याने. मी भाचीला सांगायला लागले आणि मधेच थांबले. कारण पुढचं सांगायचं तर गिरणी संपाचं सांगावं लागतं.

१८ जानेवारी १९८२. अडीच लाख कामगार बाहेर. त्या वर्षी तुझी मेसची फी, आईंच्या खानावळीतले डबे, बाबांचं गावी निघून जाणं, यातलं काहीच तुला मी सांगायला नको. तू त्या दिवसांत वांग्याची भाजीसुद्धा मागून घेऊन खाल्लीस, एवढंच मला आठवतंय. आणि नंतर आपण दोघी फिनिक्स मिलच्या जागी झालेल्या मॉलमध्ये गेलो होतो, तू सरकत्या जिन्यापाशी उभी राहून वरच्या धुराड्याकडे बघत राहिलीस, आणि मला म्हणालीस, ‘चल, कॉफी महाग आहे.’

आता तू राहतेस कुठे, तर मँचेस्टरला, ॲन्कोट्सला, जुन्या कापडगिरणीत काढलेल्या फ्लॅटमध्ये! तुझ्या शेजारची मरे मिल १७९८ सालची, हे तूच मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतंस. तुझ्या दिवाणखान्यातल्या त्या बिडाच्या खांबाला तू दसऱ्याला तोरण बांधलंस, तो फोटो मी अजून ठेवलाय. तेव्हा मी ‘किती छान’ असं लिहून पाठवलं होतं. आता त्यात थोडी भर घालते. खांब जपतात, विटा जपतात, शाफ्टाला दिवे लावतात, हे सगळं मला आवडतं. पाडून टॉवर उभे करण्यापेक्षा शंभर पटींनी बरं. पण इमारत जपली की काम जपलं असं नाही. मुंबईत गिरण्यांच्या जमिनीतला तिसरा हिस्सा घरांसाठी ठेवायचा असं १९९१ च्या नियमात होतं. २००१ मध्ये तो नियम फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला, आणि मोकळी अशी जमीन होती किती? बाबांच्या मिलमध्ये आज कितीही सुंदर हॉटेल काढलं, तरी त्यात बाबांना बसायला खुर्ची आहे का, हे मी आधी बघेन. आमच्या त्या हॉस्टेलात निदान एक बीन बॅग आहे. आणि मावशींचा पगार महिन्याच्या महिन्याला खात्यावर येतो, हेही विचारून घेतलं. आगाऊपणा माझा जुनाच.

जास्त गंभीर झाले. तुला आवडत नाही, माहितीये.

भाची उडाली. वारा मनासारखा मिळायला वेळ लागला, पण उडाली. मी खाली उभी राहून डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे मला त्यातलं काही दिसलं नाही. तिच्या आईला फोनवर मात्र सगळं वर्णन केलं. निघताना नातवाने एक वही पुढे केली, पाहुण्यांचे अभिप्राय. इंग्रजीत सगळीकडे ‘व्हाइब’ लिहिलेलं. मी लिहिलं, ‘न्हाणीघराला आतून कडी नीट लागत नाही. भाकरी उत्तम. मावशींचा फोटो लावावा.’ तिन्हीपैकी कडी आधी दुरुस्त होईल असा माझा अंदाज.

तू जानेवारीत येणार म्हणालीस. हॉटेल शोधू नकोस. नातवाशी बोलून ठेवलंय, मावशींनाही सांगितलंय की माझी एक मैत्रीण येतेय, दुसऱ्याचा मग चालत नाही तिला, वेगळा ठेवा. वरचा पलंग तुझा, माझे गुडघे चढत नाहीत. येताना कानात घालायचे ते बोळे आण, चहाच्या पुड्या आण, आणि बाबांचा तो साच्यापाशी उभा असलेला फोटो असेल तर त्याची एक प्रत आण, मला हवी आहे. शनिवार-रविवार टाळून ये आणि तारीख लवकर कळव, पलंग आधी धरावे लागतात.

तुझीच,
पाऊण पोतं